लोडरची पूजा

आमच्या घरात दोन तेलं असायची. एक करडीचं. त्याचा डबा चुलीशेजारच्या फडताळात, आईच्या नजरेखाली. दुसरं लोडरचं. त्याचा डबा बाहेर शेडात, नानांच्या नजरेखाली. नाना म्हणजे माझे धाकटे काका. दोघंही आपापल्या तेलाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत आणि दोघांचं कारण एकच, त्यात कचरा जातो. आईच्या तेलात कचरा गेला तर फार तर भज्यांना वास यायचा. नानांच्या तेलात वाळूचा एक कण गेला असं त्यांना नुसतं वाटलं तरी ते दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत, डबा फडक्यातून गाळत बसायचे. आई म्हणायची, माणूस देवाला इतका भीत नाही. नाना त्यावर हसायचे, पण गाळणं थांबवायचे नाहीत.

लासूर स्टेशनला बाजाराच्या मागच्या अंगाला आमचं घर होतं आणि घरापुढं मोठं आवार. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कन्नडच्या बाजूनं एक जुना ट्रॅक्टर आणला होता. त्याच्या तोंडाला लोडर बसवलेला होता. पुढं काढलेले दोन लोखंडी हात, हातांच्या टोकाला माणूस आडवा झोपेल एवढी रुंद बकेट, आणि ते हात वर उचलायला दोन्ही बाजूंना चकचकीत दांड्याचे जॅक. बाजारात आलेला मका, सरकी, कुणाच्या बांधकामाचा मुरूम, कुणाचं शेणखत, जे सांगाल ते उचलून ट्रकात टाकायचं, हा आमच्या घरचा धंदा. अण्णा माणसं सांभाळायचे, नाना लोडर सांभाळायचे. सकाळी भाकऱ्या थापल्याचा आवाज आणि लोडरचा आवाज एकाच वेळी सुरू व्हायचा. आधी इंजिनाची धडधड, मग नानांनी सीटशेजारची दांडी ओढली की तिच्यातून निघणारा एक बारीक, ताणलेला सूर. तो सूर म्हणजे तेल कामाला लागलं. आमच्याकडं आलेले पाहुणे त्या आवाजानं दचकून उठायचे, आणि आम्हाला तो ऐकू आला नाही तर जाग यायची नाही.

मला त्या यंत्राचं वेडच लागलं होतं. बैलाची ताकद दिसते, त्याची मान ताठते, पाय मातीत रुततात. इथं काहीच दिसत नव्हतं. अंगठ्याएवढा काळा रबरी पाइप, त्यात थोडंसं तेल, आणि तेवढ्यावर ओल्या मुरमाचा ढीग अलगद वर चढायचा. मी तेव्हा शहरात कॉलेजला होते, गारखेड्याला मैत्रिणींबरोबर खोली करून राहायचे. द्रवाच्या दाबाचा नियम मी परीक्षेसाठी घोकला होता आणि त्याचं उदाहरणही सोडवलं होतं. पण सुट्टीत घरी येऊन बकेट वर जाताना पाहिली की तो नियम माझ्या डोक्यातून पार उडून जायचा. मी उभ्या जागी बघत राहायचे. आजही मला त्याची लाज वाटत नाही. माहीत असलेल्या गोष्टीचं नवल वाटू नये असं ज्यांना वाटतं, त्यांची मला कीव येते.

अशाच एका सुट्टीत मी नानांच्या मागं लागून लोडर शिकले. बाजारातल्या लोकांना काही दिवस चघळायला विषय मिळाला. अण्णा नाराज होते, पण नानांनी त्यांना सांगितलं की पोरगी दांडी हळू सोडते, आपल्या ड्रायव्हरांपेक्षा हळू. नानांच्या लेखी याहून मोठी स्तुती नव्हती. त्यांनी मला चालवायला नंतर शिकवलं, आधी उतरायला शिकवलं. बकेट हवेत ठेवून खाली पाय टाकायचा नाही. तिच्याखालून जायचं नाही, जवळचा रस्ता असला तरी. बकेट जमिनीला टेकवायची, इंजिन बंद करायचं, आणि मग, हे मला सुरुवातीला कळायचं नाही, बंद इंजिनावर दोन्ही दांड्या पुढं-मागं हलवायच्या. मी विचारलं, बंद झालं की आता काय हलवायचं? नाना म्हणाले, “इंजन झोपलं म्हणून तेल झोपत नाय. पाइपात दाब धरून बसलेलं असतं. त्याला मोकळं करायचं, मग आपण मोकळं व्हायचं.”

आता मी गारखेड्यातच तिसऱ्या मजल्यावर राहते. समोरच्या प्लॉटवर रोज काहीतरी खोदकाम चालतं. तिथले ड्रायव्हर यंत्राची बकेट हवेत लटकवून चहाला जातात आणि मजूर तिच्या सावलीत डबा खातात. मी गॅलरीतून ओरडते. पहिल्यांदा ते वर बघून हसले, आता मी दिसले की मुकाट्यानं बकेट खाली घेतात. सोसायटीत मला खडूस म्हातारी म्हणतात हे मला माहीत आहे. म्हणोत बापडे.

तेलाची दुसरी बाजू मला दाखवली ती सलीमभाईंनी. ते शहरातले फिटर, पाइप किंवा जॅक बिघडला की एसटीनं यायचे, आणि आल्या आल्या आधी चहा मागायचे. एकदा लोडरच्या उजव्या हातावरचा पाइप ओलसर दिसत होता पण गळती कुठून ते सापडत नव्हतं. मी पाइपावरून हात फिरवायला गेले तर सलीमभाईंनी माझं मनगटच धरलं. मग त्यांनी चपलांच्या खोक्याचं झाकण मागवलं, नानांना इंजिन चालू ठेवून दांडी ओढायला लावली आणि ते झाकण लांबून काठीनं पाइपाजवळ सरकवलं. पाइपातून काही येताना दिसत नव्हतं. थोडा धुरकटपणा म्हणावा तर तेवढाच. पण झाकणाला बघता बघता चीर पडत गेली, कुणी आतून ब्लेड फिरवावं तशी. सलीमभाई म्हणाले, “हाथ नक्को लगाव, बेटा. ये सुई है. चमडी के अंदर घुस जाता, और पता बी नै चलता.” पाइप बदलून ते गेले. नानांनी ते चिरलेलं झाकण शेडाच्या खिळ्याला टांगून ठेवलं. मी येता-जाता त्या चिरेतून पलीकडचं आकाश बघायचे आणि अंगावर काटा यायचा.

आता काकूबद्दल. काकू म्हणजे नानांची बायको, घाटाखालची. कन्नडचा घाट उतरून तिचं माहेर, तिकडं खापरावरचे मांडे करतात, आणि तसे मांडे आमच्याकडं तिच्याशिवाय कोणाला जमायचे नाहीत. गव्हाची कणीक ती पाण्यात इतकी तिंबायची की ती हातातून धारेसारखी लोंबायची. त्यात पुरण भरून दोन्ही हातांवर, पालथ्या मुठींवर आणि कोपरापर्यंत, तो मांडा फिरवत फिरवत ती वाढवत न्यायची. त्याच्यातून तिच्या बांगड्या दिसायला लागल्या की झटक्यात पालथ्या खापरावर टाकायची. पुरण कुठं उघडं पडायचं नाही, कुठं गोळा व्हायचं नाही. हे करताना तिचं तोंड चालू असायचं, कुणाची तरी नक्कल, कुणाचं तरी लग्न, पण बोटं कधी चुकायची नाहीत. त्या हातांवर तिचा घरात मान होता. लग्नकार्यात तिला लोक गाडी पाठवून न्यायचे. नाना तिला चिडवायचे, तुझे हात माझ्या जॅकापेक्षा हळू चालतात. ती म्हणायची, तुमच्या जॅकाला म्हणावं एक मांडा करून दाखव.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. विळे, कुऱ्हाडी, आईची उलथणी, तराजू, जीप, ट्रॅक्टर, सगळं धुऊन पुसून मांडायचं. पूजा झाल्यावर दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही कामाला लावायचं नाही, वाहनसुद्धा जागचं हलवायचं नाही, असा अण्णांचा नेम होता आणि तो नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. लोडरची पूजा काकूकडं होती. इतर लोक इंजिनाला आणि चाकांना हळदकुंकू लावून मोकळे व्हायचे. काकूचं तसं नव्हतं. तिचं म्हणणं, बाई काय आणि यंत्र काय, जीव सांध्यात असतो. म्हणून ती जिथं जिथं दोन लोखंडं एकमेकांना मिळतात, जिथं पाइप जॅकाला मिळतो, अशा सांध्या-सांध्याला अनामिकेनं कुंकू लावायची आणि हळूच बोट टेकवून पाया पडायची. दरवर्षी बकेट जमिनीला टेकलेली असायची, इंजिन बंद असायचं, त्यामुळं तिनं कुठंही बोट लावलं तरी नाना निवांत असायचे.

त्या वर्षी अण्णांच्या मनात काहीतरी मोठं करायचं आलं. बाजारातले व्यापारी, जुनी गिऱ्हाइकं, सोयरे, सगळ्यांना पूजेला बोलावलं होतं. अण्णांना वाटलं, बकेटमध्ये नव्या मक्याची कणसं भरावीत, झेंडूच्या माळा सोडाव्यात आणि आरतीच्या वेळी ती उंच उचलून धरावी, म्हणजे आवारात शिरणाऱ्याला लांबूनच दिसेल. नानांनी नको म्हटलं. बकेट वर ठेवून खाली माणसं फिरवायची नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. अण्णा म्हणाले, आजच्या दिवस देवाच्या नेमानं चालू दे, तुझ्या नेमानं रोज चालतंच. थोरल्या भावापुढं नाना त्याहून जास्त बोलले नाहीत. पण त्यांनी एक केलं. बकेटखालच्या जागेभोवती चुन्याची रेघ मारली, तिच्या आत कोणी यायचं नाही असं बजावलं, आणि स्वतः धोतर नेसून, टोपी घालून ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसले. बकेट भरलेली असली की जॅक हळूहळू उतरतो, त्यामुळं इंजिन चालू ठेवून अधूनमधून दांडी ओढून ती परत वर घ्यावी लागे. ती दांडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला ते तयार नव्हते.

नाना अंघोळीला गेले होते तेवढ्या वेळात हौशी मंडळींनी लोडर सजवला होता. दोन्ही हातांना केळीची पानं आणि खुंट, आणि ते बांधायला सुतळी कमी पडली म्हणून बांधकामाची लोखंडी तार. ती तार एका बाजूनं लोखंडी हाताभोवती गेली होती आणि दुसऱ्या बाजूनं पाइपाभोवती. हात वर-खाली झाला की ती तार पाइपात रुतायची. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा सगळे म्हणत होते, काय शोभा आली.

आणि खरंच आली होती. मी ती विसरले नाही. दुपारच्या उन्हात पिवळ्या कणसांनी भरलेली बकेट आभाळात थांबलेली, तिच्यातून लोंबणाऱ्या केशरी माळा, खाली चुन्याची पांढरी रेघ आणि रेघेबाहेर हात जोडलेली माणसं. इंजिन मंद चाललेलं. मध्येच नाना दांडी ओढायचे, तो बारीक सूर निघायचा आणि बकेट कणभर वर सरकायची, जणू श्वास घेतेय. आरतीच्या टाळ्या आपोआप हळू झाल्या होत्या. सगळे वर बघत होते, दांडी धरलेले नानाही. मीही वरच बघत होते.

काकू बकेटखाली गेली नाही, नानांची रेघ तिनं काटेकोर पाळली. ती बाजूनं, पुढच्या चाकाजवळून आली. तिथं पाइप तिच्या खांद्याच्या उंचीला होता. तिनं चाकाला कुंकू लावलं, जॅकाच्या सांध्याला लावलं, मग पाइपाच्या सांध्याला बोट टेकवलं, आणि हात झटकन मागं घेतला. मी ते पाहिलं. मला वाटलं, चटका बसला. तिनं बोट पदराला पुसलं नाही, दुसऱ्या हातात धरलं आणि पुढच्या सांध्याकडं गेली. तिच्या समोर, आरतीचं ताट घेऊन, अण्णा उभे होते. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, मोठ्यानं बोलायची नाही, त्याच्याशी थेट तर नाहीच. घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी काकू अण्णांशी एक शब्द बोललेली नव्हती. तिला काही सांगायचं असलं तर ती आईला सांगायची, अण्णांना सांगायचं असलं तर ते मला सांगायचे, काकूला सांग म्हणून. तिथं उभं राहून ती ओरडणार कशी, आणि तेही आरतीत.

आरती झाली. अण्णांनी नानांना बकेट तशीच राहू दे म्हणून खूण केली, कारण पाहुणे अजून येत होते. नाना उपाशीपोटी सीटवर बसून राहिले. आम्ही बायका आत गेलो. काकूनं खापर तापवलं, हात धुतले नाहीत, नुसते फडक्याला पुसले, आणि कणकेचा गोळा घेतला. पहिला मांडा हातांवर फिरायला लागला आणि मध्येच फाटला. पुरण खाली सांडलं. तिनं दुसरा घेतला, तोही फाटला. आई म्हणाली, राहू दे बाई, दमलीस. काकू म्हणाली, “बोट झोपलंय वो. कळंनाच काय धरलंय ते.”

मी तिचा हात घेतला. अनामिका कुंकवानं लाल होती, त्यामुळं काहीच दिसत नव्हतं. मी तांब्यातलं पाणी ओतलं, कुंकू गेलं, आणि टोकाला एक ठिपका राहिला. सुईनं टोचावं तेवढा. रक्त नव्हतं. बोट बाकीच्या बोटांपेक्षा पांढरं होतं, थोडं टणक, आणि थंड. काटा लागला असंल, आई म्हणाली. मी ते बोट नाकाजवळ नेलं. त्याला लोडरच्या तेलाचा वास येत होता.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी आवारात धावले आणि रेघेच्या बाहेरून नानांना सांगितलं, काकूच्या बोटात तेल गेलंय, पाइपातलं. त्यांचा चेहरा मी बघत होते. मला वाटलं ते उडी मारतील. त्यांनी आधी ओरडून सगळ्यांना मागं सारलं. मग दांडी हळूहळू सोडली. बकेट खाली येत राहिली, येत राहिली, कणसं घरंगळली, माळा मातीत टेकल्या. इंजिन बंद केलं. दोन्ही दांड्या पुढं-मागं हलवल्या. आणि मग उतरले. मी रडकुंडीला येऊन बघत होते, मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. आज मी त्या माणसाला मनोमन नमस्कार करते. बायकोच्या जिवाची धास्ती पोटात आणि हात तरीही दांडी हळू सोडतायत. असं मी आयुष्यात पुन्हा कुणाला केलेलं पाहिलं नाही.

घरात अण्णांनी ठिपका बघितला आणि हळद दाबायला सांगितली. उद्या दसरा झाला की नेऊ, म्हणाले. पाहुणेही तेच म्हणत होते. काकू स्वतः म्हणत होती की एवढंसं टोचलंय, पंगत उपाशी जाईल, लोक नावं ठेवतील. तिच्या बोलण्याला जोर होता, पण हात तिनं छातीशी धरला होता आणि एव्हाना अंगठ्याच्या मुळापर्यंत सूज चढली होती. नाना बाहेर गेले आणि लोडरवर बांधलेलं एक केळीचं पान तोडून घेऊन आले. ते पान पाइपाच्या अगदी जवळ होतं. त्याच्या जाड शिरेतून एक भोक आरपार गेलं होतं, खिळा ठोकून काढावा तसं स्वच्छ, आणि मागच्या बाजूला तेलाचा ओघळ होता.

नानांनी ते पान अण्णांच्या हातात दिलं. “अण्णा, ही केळीची शीर हाय. विळ्याशिवाय तुटत नाय. तिचं बोट काय हिच्यापरीस घट हाय?”

अण्णांनी ते पान उन्हाकडं धरून बघितलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी एकदाच, देवळाच्या गाभाऱ्यात, पाहिलं होतं. मग त्यांनी पान खाली ठेवलं, कोनाड्यातून जीपची किल्ली घेतली आणि बाहेर गेले. जीपच्या बोनेटवर पूजेचा नारळ होता, चाकांना कुंकू होतं, काचेवर माळ होती. त्यांनी नारळ उचलून ओट्यावर ठेवला आणि गाडी सुरू केली. माळ काढायलाही थांबले नाहीत. पाहुण्यांच्या देखत आमच्या घरचा नेम मोडला.

शहराच्या रस्त्यावर प्रत्येक टपरी, प्रत्येक गॅरेज सजलेलं होतं. काकू मागं माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आता दुखायला लागलं होतं, आत कुणीतरी काहीतरी पिळतंय असं ती म्हणत होती. नाना तिचा हात वर धरून बसले होते. अण्णा मागं वळून बघत नव्हते. मला फक्त आरशात त्यांचे डोळे दिसत होते.

दवाखान्यात पहिल्यांदा भेटलेल्या तरुण डॉक्टरांनी ठिपका बघितला आणि काय लागलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, लोडरच्या हायड्रोलिक पाइपातून तेलाची धार आत गेली, इंजिन चालू होतं, बकेट भरलेली होती. ते शब्द ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आत जाऊन मोठ्या सर्जनना बोलावून आणलं. सर्जन आले ते धावतच आले. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या, कोणतं तेल आणि कधी. मग तळहातावरून मनगटापर्यंत बोट फिरवून म्हणाले, बाहेरून दिसतंय त्यावर जाऊ नका, आत ते कुठवर गेलंय ते उघडल्यावर कळेल. काकूला आत नेलं.

त्या संध्याकाळी बाकावर बसून मी फक्त त्या धारेचा विचार करत होते. केसाएवढी असेल नसेल. ती कातडीतून गेली तेव्हा काकूला धड वेदनाही झाली नाही. जे ओल्या मुरमाचा ढीग उचलतं तेच तिच्या बोटात शिरून, वाट मिळेल तसं, स्नायूंच्या मधून वर वर गेलं होतं. आम्ही सगळे आभाळातल्या बकेटकडं बघत होतो, नानांनी तिच्यासाठी रेघ मारली होती, आणि ते आलं खांद्याच्या उंचीवरून, बाजूनं, कुणाचं लक्ष नसताना. मला भीती वाटत होती. पण खरं सांगायचं तर भीतीहून मोठं काहीतरी वाटत होतं, आणि त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

सर्जन बाहेर आले आणि म्हणाले की तेल तळहात ओलांडून मनगटाच्या तोंडाशी आलं होतं, बरंचसं धुऊन काढलंय, पुन्हा उघडावं लागेल. उद्यावर टाकलं असतं तर हाताबद्दल मी काही बोलू शकलो नसतो, म्हणाले. नाना भिंतीला टेकून खाली बसले. अण्णा तिथं नव्हते. मी त्यांना शोधत बाहेर गेले तर ते जीपमध्ये बसले होते, काचेवरची सुकलेली माळ तशीच. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि विचारलं, “मांडे करता येतील का तिला?” मी म्हटलं, ते आता कुणालाच माहीत नाही.

काकू दवाखान्यात पुष्कळ दिवस होती. हात पुन्हा उघडला, पुन्हा धुतला, पुन्हा शिवला. आई घर सांभाळायची, मी कॉलेज संपवून थेट दवाखान्यात जायचे, नाना तर तिथून हललेच नाहीत. लोडर तेवढे दिवस आवारात बकेट टेकून उभा होता आणि घरी म्हणे सकाळी कुणाला जाग येत नव्हती. काकूची जीभ मात्र लवकर बरी झाली. शेजारच्या खाटेवरच्या बायांना ती नकला करून हसवायची. फक्त पट्टीकडं बघायची नाही.

शेवटची पट्टी निघाली त्या दिवशी आम्ही सगळे होतो. अण्णाही आले होते आणि दाराशी, तिच्याकडं पाठ होईल असे, रीतीप्रमाणं उभे होते. हात बारीक झाला होता, तळव्यावरून मनगटापर्यंत टाक्यांची वाट गेली होती. सर्जन म्हणाले, मूठ वळा. काकूनं डोळे मिटले. अंगठा आत आला. मधली बोटं हळूहळू वाकली. करंगळी आली. अनामिका मात्र सरळ राहिली, ताठ, कुंकू लावायला पुढं केल्यासारखी. सर्जन म्हणाले, ही आता वाकणार नाही, पण हात तुमचा आहे. काकूनं डोळे उघडले, त्या एका बोटाकडं बघितलं, आणि कुणी काही बोलायच्या आत नानांना विचारलं की मांडा हातावर फिरवायला वाकलेलं बोट लागतं का ताठ. नानांना हसू आलं आणि रडूही आलं.

अण्णा दाराशी तसेच उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. काकूनं बऱ्या हातानं डोक्यावरचा पदर नीट केला, आणि मग ती सरळ त्यांच्याशी बोलली. आईला नाही, मला नाही, त्यांना.

“अण्णा,” ती म्हणाली, “पुढल्या साली बकिट भुईला टेकवा, इंजन बंद करा, तेल मोकळं करा. मंग मी पूजा करीन.”

अण्णा वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या भावजयीच्या तोंडाकडं बघितलं. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

“व्हय, माय,” ते म्हणाले.